रेवसच्या होड्या धावून आल्या

१७ जुलै १९४७. गुरुवार आणि आषाढ अमावास्या. देशाचे स्वातंत्र्य जेमतेम महिन्यावर आले होते. गटारीच्या निमित्ताने मुंबईतले चाकरमानी पिशव्या भरून गावाकडे निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. बोट खच्चून भरली होती.

बोट अर्धा-पाऊण तास चालली असेल, तोच वारा-पावसाने जोर धरला. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट एका बाजूला कलली. घाबरलेले लोक जीव वाचवण्यासाठी एकाच बाजूला धावले आणि त्यांच्याच भाराने बोट उलटली. काही मिनिटांत सारे संपले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अलिबाग आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

बोटीवर वायरलेस नव्हता. त्यामुळे मुंबईत ही बातमी पोहोचायला कित्येक तास गेले. मग जे वाचले, ते कोणामुळे? काहीजण पोहून तरले. अनेकांना वाचवले ते रेवसच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या या कोळ्यांनी बुडणारी माणसे पाहिली आणि होड्या तिकडे वळवल्या. माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी होडीतली मासळी समुद्रात लोटून दिली, असे आजही सांगितले जाते. मासळी म्हणजे त्यांच्या घरची रोजची भाकरी, हे ध्यानात घेतले की या कृतीचे मोल कळते.

गावाची लाइफबोट

समुद्रकाठच्या गावात संकटाच्या वेळी धावून जाण्यासाठी खास होडी सज्ज ठेवायची, तिला किनाऱ्यावर घर बांधायचे, ही कल्पना ब्रिटनमध्ये रुजली. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने तिथे राष्ट्रीय लाइफबोट संस्था स्थापन झाली. आजही ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते आणि तिची दोनशेहून अधिक केंद्रे आहेत. होडीवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी मच्छीमार. इशारा मिळाला की हातातले काम टाकून ते किनाऱ्याकडे धावतात. अनेक केंद्रांत होडी उतारावरून घसरत थेट पाण्यात शिरते, म्हणजे वेळ वाया जात नाही.

अशी केंद्रे लहानशा गावांत का? कारण सरळ आहे. मोठे जहाज मोठ्या बंदरातून निघते, तर बुडणाऱ्या माणसाकडे वेळ मिनिटांचाच असतो. जो सर्वांत जवळ, तोच उपयोगी. ‘रामदास’ इतक्या झटकन उलटली की बोटीवरच्या साधनांचा फारसा उपयोग होण्यासारखा नव्हता. मदत यायची ती बाहेरूनच आणि जवळूनच.

मात्र केंद्र असले म्हणजे जीव वाचतोच असे नाही. त्याच १९४७ सालच्या २३ एप्रिलला वेल्समधल्या मंबल्स गावची लाइफबोट ‘सॅमटँपा’ या जहाजाच्या मदतीला वादळात गेली. जहाजावरचे ३९ आणि लाइफबोटीवरचे आठही जण गेले. तरीही गावाने केंद्र बंद केले नाही. पुन्हा होडी आली, पुन्हा गावातलीच माणसे तिच्यावर उभी राहिली.

रेवसच्या कोळ्यांना असे काहीच मिळालेले नव्हते. ना प्रशिक्षण, ना खास होडी, ना जॅकेट. त्यांच्याकडे होते ते समुद्राचे ज्ञान आणि माणुसकी. पण दरवेळी कोणीतरी योगायोगाने जवळपास असेल, या भरवशावर प्रवाशांचे जीव सोडता येतात का?

आज काय आहे?

आपल्याकडे १९७८ च्या कायद्याने तटरक्षक दलाची रीतसर स्थापना झाली. समुद्रातल्या संकटासाठी १५५४ हा त्यांचा क्रमांक आहे. किनाऱ्यावर सागरी पोलीस असतात. मार्च २०२० मध्ये गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट किनाऱ्याजवळ बुडू लागली, तेव्हा सागरी पोलिसांच्या गस्ती बोटीने तत्काळ धाव घेतली आणि ८८ प्रवासी सुखरूप वाचले. हे ठिकाण रेवसपासून फार दूर नाही. मदत जवळ असेल तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण.

उलट १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रवाशांनी लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली. खरे तर जॅकेटचे महत्त्व जगाला १८६१ सालीच कळले होते. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावची लाइफबोट उलटून १३ पैकी १२ जण बुडाले. वाचलेल्या एकट्याच्या अंगात बुचाचे नवे जॅकेट होते.

बंगळुरूत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सारे दूरचे वाटेल. पण रात्रीच्या बसने निघून सकाळी गोकर्ण, मुरुडेश्वर किंवा मालपे गाठणारी कुटुंबे आपल्यातलीच असतात. डिसेंबर २०२४ मध्येच कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली मुरुडेश्वरच्या समुद्रात बुडाल्या. त्यांचेही आईवडील समुद्रापासून दूरच राहत होते.

म्हणून सहलीला निघताना काही गोष्टी पक्क्या ठरवा. बोटीत चढताच जॅकेट घाला आणि त्याचे बंद आवळा. ते मांडीवर ठेवण्यासाठी नसते. मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्या. बोट भरली असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहा. बोट हेलकावली तर जागा सोडून एका बाजूला धावू नका. पाण्यात उतरण्यापूर्वी जीवरक्षकाला किंवा गावातल्या कोळ्याला विचारा आणि त्याने नको म्हटले तर वाद घालू नका.

त्या दिवशी रेवसचे कोळी जातपात, ओळखपाळख न विचारता धावले. समुद्र ज्यांना कळतो, त्यांचे ऐकणे एवढे तरी आपल्या हातात आहे.