आधी जागा, मग गाडा

माझ्या वेल्डिंगच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक हल्ली तोंडानं फारसं सांगत नाही, मोबाइल पुढं करतं. त्यात फूड ट्रेलरचा फोटो असतो. बारा फूट लांब, काळा रंग, वर लाल अक्षरं, आत पिवळे दिवे. ‘मामा, असाच पाहिजे. किती होतील?’ मी किंमत सांगत नाही. विचारतो, ‘उभा कुठं करणार?’ दहातले आठ जण यावर गप्प होतात. उरलेले म्हणतात, ‘बघू की. चाकं तर आहेत!’

चाकं आहेत म्हणजे जागेची चिंता मिटली, या समजापायी आमच्या भागात बऱ्याच घरांचे पैसे गंजत पडलेत. मी गाडे बनवून पोट भरतो. मोठा गाडा विकला तर मला चार पैसे जास्तच सुटतात. तरी सांगतो, आधी जागा ठरवा, मग गाडा. आणि जागेचं नुसतं गिऱ्हाइकाला सांगून भागणार नाही, ते गावकारभाऱ्यांनाही सांगावं लागेल. हा लेख त्यासाठीच.

माझं दुकान नसरापूरच्या बाजूला, चेलाडी फाट्यापासून जवळ. बावीस वर्षं ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या. करोनानंतर गाड्यांची कामं यायला लागली. शहरातली नोकरी सुटलेली पोरं गावाकडं आली. भात एकदाच पिकतो, भाताच्या पैशात वर्ष निघत नाही. दुसरीकडं किल्ल्यांवरची गर्दी वाढत चालली. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात राजगड आहे. वेल्हे तालुक्याचं नावही आता राजगड झालंय. गडावरून उतरलेल्या माणसाला पिठलं-भाकरी लागते, हे कळायला कुणाला पाहणी करायची गरज नाही. म्हणून गाडा हवा, हा विचार बरोबरच आहे. चुकतं ते पुढं.

मागच्या फाल्गुनात गुंजवण्याच्या बाजूची एक ताई तिच्या पोराला घेऊन आली. पोराच्या मोबाइलमध्ये तोच बारा फुटी काळा गाडा. मी वाद घातला नाही. कोब्यावर खडूनं बारा बाय सहाचा चौकोन आखला आणि म्हटलं, ‘ताई, आत या आणि भाकरी करून दाखवा.’ ती हसली. मग चपला खडूच्या रेघेबाहेर काढून आत गेली. पीठ कुठं, पाणी कुठं, तवा कुठं, हे तिनं हवेतच मांडलं आणि थापायला लागली. तवा एका टोकाला, परात दुसऱ्या टोकाला, गिऱ्हाईक तिसरीकडं. तिसऱ्या भाकरीला थांबून म्हणाली, ‘दादा, इथं भाकरी करायची का कवायत?’

मग त्याच चौकोनात आठ बाय पाचचा दुसरा आखला. आता ती जागच्या जागी वळत होती. डाव्या हाताला परात, समोर तवा, उजवीकडं ताटं. पोरगा तोंड पाडून उभा होता, पण त्याच्या आईचं मोजमाप झालं होतं. ओट्याची उंची मी नेहमीप्रमाणं चौतीस इंच धरली होती. ती म्हणाली, ‘भाकरीला खांद्यातनं जोर लागतो, हात वर राहून चालत नाही.’ तिच्या उंचीला तीस इंच निघाले. चार इंचांनी काय होतं, असं वाटेल. पण दिवसाला शंभर भाकरी थापणाऱ्या बाईचा खांदा त्या चार इंचांत जातो किंवा वाचतो. मोबाइलमधल्या फोटोत हे दिसत नाही.

गाडा निवडताना दिसत नाही ते आधी बघावं. वजन कुठं पडतं ते पहिलं. यात मी स्वतः चुकलेलो आहे. माझ्या पहिल्या गाड्यात पाण्याची टाकी मी मागच्या भिंतीला लावली, सोयीची म्हणून. दोनशे लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच दोनशे किलो. पाबे घाट उतरताना गाडा शेपूट हलवायला लागला आणि पुढची पिकअपही त्याच्याबरोबर डावी-उजवी व्हायला लागली. चालवणाऱ्यानं घाबरून कचकन ब्रेक दाबला नाही, हळूहळू वेग कमी केला, म्हणून निभावलं. पुढं तो गाडा परत आणून मी पदरच्या पैशानं टाकी पुढं घेतली. तेव्हापासून हिशेब पक्का केलाय. भरलेल्या गाड्याच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार हुकावर आलाच पाहिजे. मागं जड झालेला गाडा सपाटीवर गरीब वाटतो, उतारावर तो तुमचं ऐकत नाही.

दुसरं, पत्रा. गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन येतं आणि ते चिकटलं नाही की खूश होतं. २०२ नंबरच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण गंज ते ३०४ पेक्षा लवकर धरतं. वेल्ह्याकडचा पाऊस आणि ओट्यावरचं मीठ, दोन्ही मिळून दुसऱ्या वर्षीच दाखवून देतात. चुंबकावर जाऊ नका, बिलावर ३०४ लिहून घ्या.

तिसरं, गॅस. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून झरोका छताला ठेवून भागत नाही, तळाशीही हवा. सिलिंडर आत ठेवूच नका. बाहेर हुकाच्या बाजूला जाळीचा पिंजरा करा. १९ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर पस्तीस किलोच्या वर जातो, तो तिथं बसला की हुकावरचा भारही साधतो. आणि वर उघडणारी मोठी फळी दिसायला छान असली तरी डोंगराच्या वाऱ्यात ती शीड होते. चारही कोपऱ्यांना जॅक आणि चाकाला उटी लावल्याशिवाय ती उघडायची नाही.

चौथं, कागद. ट्रेलरला इंजिन नाही म्हणून तो वाहन नाही, असं पुष्कळांना वाटतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. रस्त्यावरून ओढत न्यायचा तर त्याची स्वतःची नोंदणी लागते. अन्न परवान्याची नोंदणी त्या मानानं सोपी आहे. छोट्या धंद्याला वर्षाचे शंभर रुपये भरून ती होते, असा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे. दोन्ही कागद आधी करा, रंग मागून द्या.

एवढं सगळं जमवून गाडा तयार झाला, की प्रश्न पुन्हा तोच. उभा कुठं करायचा?

वरंध घाटात वाघजाईच्या देवळाजवळची चहा-भज्यांची दुकानं भोर-महाड रस्त्यानं गेलेल्या कुणाला सांगावी लागत नाहीत. तिथं ना लाल अक्षरं आहेत ना पिवळे दिवे. पण गाडी थांबवायला जागा आहे, समोर दरी आहे आणि घाट चढून आलेल्या माणसाला तिथंच थांबावंसं वाटतं. १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीत खाणावळ मांडली. ती त्यानं वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर उभी केली, कारण रात्रपाळीच्या लोकांना त्या वेळी दुसरीकडं कुठं खायला मिळत नव्हतं. त्यानंही आधी भूक कुठं आहे ते हेरलं होतं.

‘मग चाकं कशाला? टपरीच टाकतो की,’ असं ताईचा पोरगा म्हणालाच. चाकं लागतात, पण रोज फिरायला नाही. आमच्याकडं चाक ऋतूसाठी असतं. आषाढ-श्रावणात गर्दी केळदच्या मढे घाटाकडं पळते. थंडीत राजगड-तोरण्याचे ट्रेकर येतात. महाशिवरात्रीला बनेश्वर, चैत्रात गावोगावच्या जत्रा. वर्षातून चार-पाच वेळा गाडा हलवायचा, बाकी एका जागी नीट उभा राहायचा. शिवाय ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं आणि पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. असे आदेश निघाले की धंदा एका दिवसात उचलावा लागतो. वरंध घाटही दरडींच्या भीतीनं पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद करतात, कधी कधी सगळ्याच वाहनांना. त्या दिवशी आठ फुटी गाडा शेजाऱ्याच्या जीपनं घरी येतो. बारा फुटी गाडा ओढायला भाड्याची गाडी शोधावी लागते.

आता कारभाऱ्यांकडं वळतो. २०१४ चा फेरीवाला कायदा चांगला आहे. त्यात विक्रीच्या जागा ठरवायला समिती आहे, समितीत किमान चाळीस टक्के माणसं फेरीवाल्यांची आणि त्यांत एक तृतीयांश बायका. पण हा कायदा महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि कटक मंडळांच्या हद्दीपुरता आहे. भोर शहरात तो लागू होतो, कारण तिथं नगरपरिषद आहे. गुंजवणे, पाली, केळद, वेल्हे ही गावं ग्रामपंचायतीची, तिथं नाही. २०२० साली आलेली पीएम स्वनिधी कर्ज योजनाही मुळात शहरी हद्दीत विकणाऱ्यांसाठीच. म्हणजे गर्दी गडाच्या पायथ्याला आणि कायदा शहरात. मधल्या माणसानं रस्त्याकडेला गाडा लावायचा आणि कुठली गाडी येऊन काय म्हणते याची वाट बघत बसायचं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा गाडा अशाच एका कारवाईत उचलला गेला. दीड महिन्यानं परत मिळाला तेव्हा फळी तुटलेली होती आणि हप्ते चालू होते.

कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही. गावाच्या मालकीच्या जागेत वाहनतळाशेजारी दहा बाय आठचे पाच-सहा चौकोन आखायला ग्रामपंचायतीला कोण अडवणार आहे? खाली कोबा, एक नळ, सांडपाण्याचा शोषखड्डा, विजेचा एक पॉइंट. प्रत्येक चौकोनाला नंबर, वर्षाचं भाडं, घरटी एकच नंबर आणि तो गावातल्याच माणसाला. आठ फुटांपेक्षा लांब गाड्याला परवानगी नाही. ही शेवटची अट महत्त्वाची, कारण गर्दी दिसली की पैसेवाला बाहेरून मोठा ट्रेलर घेऊन येतो आणि दोन घरांची जागा एकटा खातो.

यावर घरगुती जेवण देणारे म्हणतील, आमच्या पोटावर पाय येईल. त्यांचं ऐकलं पाहिजे. ताटभर जेवण त्यांचं, हातात धरून खायचं ते गाड्याचं, अशी वाटणी ग्रामसभेत होऊ शकते. वाहतुकीचा आक्षेपही खरा आहे. पण गाडे आजही उभे राहतातच, ते वळणावर आणि पुलाच्या तोंडाशी, जागा नाही म्हणून. चौकोन आखले तर ते तिथून हलतील.

ताईचा आठ फुटी गाडा आता एका शेतकऱ्याच्या बांधावर उभा असतो. भाडं म्हणून ती लावणीला आणि कापणीला त्याच्या खाचरात जाते. करार तोंडी आहे. मालकाचं मन फिरलं की तिला उठावं लागेल. परवा तिचा फोन आला होता. ओटा बरोबर आहे, खांदा दुखत नाही, पण नळ नाही, दोन हंडे डोक्यावरून आणावे लागतात.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. हल्ली नवीन गिऱ्हाइकाला मी सांगतो, आधी तिथं जाऊन जागेचा विषय मांड, इतिवृत्तात लिहून घे. इसार त्यानंतर घेईन. ताईलाही हेच म्हटलं. ती म्हणाली, ‘मी एकटी उठून काय बोलू, दादा?’ त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गुंजवण्याला जाणार आहे. तिच्या सभेत मला मत नाही, पण खिशात खडू असेल.