आडोसा आणि आकाश

'आकाश काय कुणाच्या मालकीचे आहे?' हा हौशी ड्रोनवाल्यांचा लाडका युक्तिवाद. आकाश त्यांना खुशाल लखलाभ होवो. प्रश्न खालच्या गच्चीचा आहे.

आपली खाजगीपणाची कल्पनाच आडवी आहे. आडोसा, आडपडदा, कुंपण, हे सारे शब्द बाजूने येणारी नजर गृहीत धरतात. जुन्या वाड्याने रस्त्याकडे भिंत घातली आणि उजेड-वाऱ्यासाठी चौक आभाळाला मोकळा ठेवला, तो वरून कोणी डोकावणार नाही या भरवशावर. ड्रोन नेमका तो भरवसा मोडतो. समोरच्या गॅलरीतला शेजारीही पाहतो, मान्य. पण पाहताना तो स्वतः दिसतो आणि उद्या बाजारात भेटतो. ड्रोनचा धनी कुठे उभा आहे, हे गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला कळत नाही. (टिपलेले चित्र त्याने पुसले की जपून ठेवले, हे तर नाहीच.)

सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मार्च 2021 च्या नियमांत चित्रण करताना व्यक्तीचा खाजगीपणा जपण्याची अट होती; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या सुटसुटीत नियमांतून ती गळाली. 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला चालकाचे प्रमाणपत्रही लागत नाही. चोरून पाहण्याबद्दलचे फौजदारी कलम आहे, पण ते स्त्रीच्या खाजगी कृतीपुरते. मग गच्चीवर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी कोणते कलम दाखवावे? हौसेला आमची हरकत नाही. गळालेली ती अट नियमांत परत घाला, एवढेच मागणे आहे.