कायदा कोण करतो?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, कायदा कोण करतो? आपण म्हणाल, निवडून दिलेले खासदार. अर्धेंच खरें! पेणच्या मूर्तिकारास विचारा. सांचा कोणाचाही असो, डोळ्यांची आखणी करील त्याची मूर्ति. कायद्याचे डोळे कचेरींत आखले जातात. त्यांस ‘नियम’ म्हणतात.

विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा २००५ सालीं झाला. त्या क्षेत्रास कमींत कमी जमीन किती, हें ठरविणें खासदारांनीं सरकारवर सोंपविलें. २००६ च्या नियमांत, अनेक उद्योगांच्या क्षेत्रासाठीं, आंकडा आला १००० हेक्टर! २०१३ सालीं तो ५०० झाला, २०१९ सालीं ५०. मग हजार कोणत्या हिशेबानें आला होता? पेणच्या २२ गांवांतील शेतकऱ्यांचें मत घेतलें तें २१ सप्टेंबर २००८ रोजीं, म्हणजे नियम होऊन अडीच वर्षांनीं.

ही रीत विलायतेची. तेथें मंत्री नियम करतो, आणि पुष्कळसे नियम ४० दिवसांच्या आंत सभागृहास रद्द करतां येतात. काना-मात्रा मात्र बदलतां येत नाहीं. कॉमन्स सभेनें असा नियम शेवटचा रद्द केला १९७९ सालीं! मूळ कायद्याबाहेर गेलेला नियम कोर्ट मोडतें, पण कोर्टाची पायरी चढायला पैका लागतो.

आपल्या या कायद्याचे नियम संसदेपुढें ३० दिवस ठेवावे लागतात, आणि तेथें ते बदलतांही येतात. मत मागायला येईल त्यास ओटीवर बसवा, पाणी द्या आणि पुसा : दादा, त्या ३० दिवसांत आपण किती नियम वाचले?