जुनं टॅली नव्या सिस्टिमला जोडताय? आधी लेजर साफ करा!



जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर मध्यवर्ती फायनान्स सिस्टिमला कसं जोडायचं, ते या व्हिडिओत आपण पाहिलं. इथे माझं मत स्पष्टच सांगतो. जोडणी फसते ती सॉफ्टवेअरमुळे कमी, आपल्या लेजरमुळे जास्त.

तांत्रिक बाजू तशी अवघड नाही. टॅली एक्सएमएलमध्ये डेटा देतं-घेतं. ज्यात ती सोय नाही, त्यातून बहुतेक वेळा एक्सेल काढता येतं. खरी गंमत पुढेच आहे. समजा, कोल्हापूर शाखेत ‘पाटील ट्रेडर्स’, सांगलीत ‘पाटील ट्रेडर्स सांगली’ आणि हेड ऑफिसला ‘मे. पाटील’ अशी तीन खाती आहेत. तुम्हाला माहीत आहे, पार्टी एकच. कॉम्प्युटर मात्र तीन धरतो. एका खात्यात येणं दिसतं, दुसऱ्यात ॲडव्हान्स पडून राहतो. तुम्ही वसुलीला फोन करता आणि समोरून ऐकता, “अहो, पैसे कधीच दिलेत!” इथे नुसता हिशेब चुकत नाही, तुमची पत जाते.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा.

एक, पार्टी नावावरून नाही, १५ अक्षरी जीएसटी नंबरवरून ओळखा. नोंदणी नसेल तर स्वतःचा कोड द्या.

दोन, दहा वर्षांची प्रत्येक एंट्री ओढून नेऊ नका. १ एप्रिलची ओपनिंग बॅलन्स आणि बिलवार बाकी न्या, बास. पण जुना डेटा पुसू नका. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं किमान ८ वर्षं जपावीच लागतात.

तीन, व्हाउचर नंबर कुठेही डबल नको. मध्येच नेट गेलं आणि डेटा पुन्हा पाठवला, तर तीच एंट्री दोनदा बसते. म्हणून निदान एक महिना दोन्हीकडची ट्रायल बॅलन्स ताडून बघा.

वेंडर म्हणेल, “सर, आठ दिवसांत करून देतो.” देईलही. पण कुठलं खातं कशासाठी उघडलं होतं, हे त्याला माहीत नसतं. ते तुमच्या जुन्या अकाउंटंटला माहीत असतं. त्यांना पहिल्या मीटिंगपासून शेजारी बसवा.

आज एवढंच करा. सगळ्या शाखांची पार्टी लिस्ट छापा आणि डबल नावांना लाल पेनने गोल करा. ती नावं एक होईपर्यंत वेंडरला ॲडव्हान्स देऊ नका!