स्क्रिप्टिंग भाषा शिकावी काय?

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की घुग्घुसच्या मुस्लिम घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला अगर मुलीला प्रोग्रॅमिंग शिकवायचे, तर भाषा कोणती घ्यावी? कोणी म्हणतो, पायथन सोपी, तीच घ्या. दुसरा म्हणतो, ती तर स्क्रिप्टिंग भाषा. खरे प्रोग्रॅमिंग म्हणजे सी आणि जावा, बाकी सारा पोरखेळ. या वादात घरची शिल्लक आणि मुलांची उमेदीची वर्षे पणाला लागतात. म्हणून नफा-तोट्याच्या नजरेने त्याचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

सी भाषेतला प्रोग्रॅम आधी कंपायलरने यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो, मग तो चालतो. स्क्रिप्टिंग भाषेत हे मधले काम लिहिणाऱ्याला वेगळे करावे लागत नाही. चार ओळी लिहायच्या आणि लगेच चालवून पाहायच्या. हॉलंडच्या गिदो व्हान रोसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन आणि ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीसाठी तयार केलेली जावास्क्रिप्ट या त्यांतल्या प्रमुख भाषा होत. दोन्ही फुकट मिळतात आणि साध्या, जुन्या संगणकावरही चालतात.

पहिला आक्षेप वेगाचा. सी भाषेतला प्रोग्रॅम पुष्कळच वेगाने धावतो, हे खरे आहे. परंतु निलजईच्या खाणीतला कोळसा डंपरने उचलतात म्हणून दुकानाचा किराणाही कोणी डंपरने आणत नाही. तिथे छोटा हत्ती पुरतो. व्यापाऱ्याचे बहुतेक काम हजार-दोन हजार नोंदींचे असते. ते अर्ध्या सेकंदात झाले काय आणि दोन सेकंदांत झाले काय, धंद्याला फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप, या भाषांत मोठे काम होत नाही. त्याचे उत्तर मुंबईतच आहे. ऋषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या कारभाराची अडचण सोडवता सोडवता ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली उभी केली. खरेदी, विक्री, गोदाम, पगार, हिशेब असा सारा व्यवहार ती सांभाळते आणि परदेशांतील कंपन्याही ती वापरतात. ही प्रणाली पायथन व जावास्क्रिप्ट याच दोन भाषांत लिहिलेली आहे. तिचा जन्म एका धंद्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. घुग्घुसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी कुठे आहे? येथे वेकोलीच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे, लॉइडचा स्पंज आयर्न प्रकल्प आहे आणि या सर्वांच्या भोवती ट्रान्सपोर्ट, गॅरेज, सुटे भाग, हॉटेल आणि किराणा यांचा पसारा आहे. मग स्क्रिप्ट शिकून करायचे काय?

आमचे म्हणणे असे की, काम याच पसाऱ्यात दडलेले आहे. ट्रान्सपोर्टवाल्याचेच उदाहरण घ्या. गाडी भरताना काट्याची एक पावती, खाली करताना दुसरी. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे शॉर्टेज आणि ते भाड्यातून कापले जाते. महिन्याच्या शेकडो पावत्या मुनीम रजिस्टरमध्ये ताडून पाहतो, तेव्हा एखादी चूक नजरेतून सुटतेच. याच नोंदी एक्सेलमध्ये असतील, तर पायथनच्या वीस-पंचवीस ओळी कोणत्या गाडीचे, कोणत्या खेपेला, किती वजन घटले ते क्षणात दाखवतात. एकदम अनेक ई-वे बिले काढायची तर पोर्टलवर जेसन नावाच्या साच्यातली फाईल चढवावी लागते. हा साचा मूळ जावास्क्रिप्टचाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि टनामागचा ४०० रुपयांचा सेस गेला. ज्याच्याजवळ स्वतःची स्क्रिप्ट आहे, त्याने अशा वेळी दोन आकडे बदलले की झाले.

नापतोलाचा चोखपणा हा आपल्यासाठी केवळ हिशेबाचा विषय नाही. कुरआनात सूरह मुतफ्फिफीन नापतोलात लबाडी करणाऱ्यांच्या निषेधानेच सुरू होते. वजनाचा प्रत्येक किलो तपासून दाखवणारी विद्या दीनदार व्यापाऱ्याने परकी का मानावी?

आता चौथा आक्षेप निघाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल तो प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकायचे कशाला? ती लिहून देते, हे खरे; पण चुकतेही, आणि चूक मोठ्या आत्मविश्वासाने लिहिते. न वाचता सही करणाऱ्या भागीदाराचे जे होते, तेच भाषा न येता अशा प्रोग्रॅमवर विसंबणाऱ्याचे होईल. वाचून तपासण्याइतके ज्ञान तर हवेच.

पालकांना मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. नोकरीची हमी देऊन मोठी फी घेणारे आणि ती व्याजाच्या हप्त्यांवर भरायला लावणारे क्लास पुष्कळ निघाले आहेत. फुकट मिळणाऱ्या भाषेसाठी व्याजाचे ओझे डोक्यावर घेणे हे दीनाच्याही विरुद्ध आणि व्यवहाराच्याही. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात पायथनचे धडे मोफत ठेवले आहेत. घराबाहेर पडून शिकणे ज्या मुलींना अवघड जाते, त्यांनाही ते घरी बसून शिकता येतील.

सुरुवात घरच्याच कामाने करावी. जकातीचा हिशेब घ्या. रोकड, सोने, माल यांची बेरीज करायची, देणे वजा करायचे आणि उरलेली रक्कम निसाबाएवढी किंवा अधिक असेल तर चाळिसावा भाग काढायचा. दहा ओळींत बसणारा हा पहिला प्रोग्रॅम होय. त्यानंतर वडिलांच्या किंवा मामूंच्या दुकानाची उधारी, मग ट्रान्सपोर्टच्या पावत्या. ज्याला पुढे सॉफ्टवेअरच्याच नोकरीत जायचे आहे, त्याने नंतर सी किंवा जावा जरूर शिकावी. पहिल्या भाषेत कमावलेली विचारांची शिस्त तिथेही उपयोगी पडेल.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. स्क्रिप्टिंग भाषा जरूर शिकावी, पण प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी नव्हे. जो धंदा आपल्याला आधीच येतो, तो अधिक चोख करण्यासाठी. कोळसा एक दिवस संपणार आहे. हातातले हुनर मात्र मुलांबरोबर राहील, इन्शाअल्लाह.