फाटा फोडण्याचा हक्क

मुक्त संगणक-प्रणालींच्या जगात एखादा गट मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, घेऊन वेगळी चूल मांडतो, तेव्हा दोन स्पष्टीकरणे ताबडतोब पुढे केली जातात. कोणी म्हणतो, मतभेद तांत्रिक होते; कोणी म्हणतो, अहंकार आडवा आला. दोन्हींत तथ्य असते, तथापि दोन्ही अपुरी आहेत. तांत्रिक मतभेद तर रोजच होतात. त्यांतला एखादाच फुटीपर्यंत जातो. तो का जातो, हे निर्णय कोणाच्या हाती होता आणि कोणाच्या नव्हता, हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

डेबियनचे उदाहरण घ्यावे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही लिनक्स-प्रणाली स्वयंसेवकांच्या श्रमावर चालते. आपल्याकडील सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही याच पायावर उभी आहे. डेबियनला १९९८ पासून लिखित घटना आहे, निवडून येणारा प्रमुख आहे, तांत्रिक समिती आहे. थोडक्यात, मनमानीचा आरोप जिच्यावर सहज करता येणार नाही अशी ही संघटना. आणि तरीही ती फुटली.

वाद होता तो संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या आणि इतर आज्ञावलींना कामाला लावणाऱ्या आज्ञावलीचा. २०१० साली रेड हॅट कंपनीत काम करणारे लेनार्ट पोटरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी 'सिस्टिमडी' पुढे आणली. ती वेगवान होती आणि सेवांचे परस्परावलंबन नीट सांभाळीत होती, हे विरोधकांनाही नाकारता येण्याजोगे नव्हते. त्यांचा आक्षेप निराळा होता. नोंदी ठेवण्यापासून वापरणाऱ्यांच्या प्रवेशापर्यंत अनेक कामे तिने आपल्या पोटात घेतली होती, आणि 'नोम'सारख्या आज्ञावली तिच्यावर विसंबू लागल्या होत्या. असे झाल्यावर निवडीचे स्वातंत्र्य कागदावरच उरते, असे ते म्हणत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ जणांच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली व अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. नोव्हेंबरात, कोणत्याही आज्ञावलीने एकाच प्रारंभक-आज्ञावलीशी स्वतःला बांधून घेऊ नये, असा ठराव सर्व सभासदांपुढे आला. असल्या ठरावाची गरजच नाही, असा कौल मिळाला. त्याच महिन्यात 'देवुआन' या फाट्याची घोषणा झाली.

बहुमताचा अधिकार येथे निर्विवाद होता. परंतु मत होते ते डेबियनच्या विकासक-सभासदांना. प्रणालीच्या भरवशावर रात्रंदिवस सर्व्हर चालवणाऱ्या बहुसंख्य व्यवस्थापकांना ते नव्हतेच, आणि देवुआनची हाक दिली ती स्वतःला जुने युनिक्स व्यवस्थापक म्हणवणाऱ्यांनी. ज्याला सभेत हात वर करता येत नाही, त्याला सभागृहातून निघून जाणे एवढेच मत उरते. मुक्त परवान्याने संहितेची प्रत घेण्याची मुभा दिल्यामुळे निदान ते तरी उरले.

या मताची किंमत मात्र जबर असते. डेबियनची आठवी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये निघाली. देवुआनची पहिली स्थिर आवृत्ती येण्यास मे २०१७ उजाडले. शिवाय देवुआनमधील बहुतेक आज्ञावली आजही डेबियनकडूनच जशाच्या तशा येतात. वेगळी चूल मांडली, पण सरपण जुन्याच घरचे! फुटीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांआड करू नये.

ओपनसोलारिसची गोष्ट याहून वेगळी. तेथे प्रशासन-मंडळ होते, पण अंतिम शब्द मालकाचा. २००५ साली सन कंपनीने ही संहिता खुली केली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि मंडळाच्या पत्रांना उत्तरेही मिळेनाशी झाली. ऑगस्टमध्ये 'इल्युमॉस' हा फाटा जाहीर झाला. काही दिवसांतच खुल्या विकासाचे दार ओरॅकलने लावून घेतले आणि २३ ऑगस्टला मंडळाने स्वतःचे विसर्जन केले. येथे हरण्यासाठीसुद्धा मतदान नव्हते. त्यामुळे या फाट्याला अल्पमताचा हटवाद म्हणता येत नाही. सनने बंद ठेवलेले भाग इल्युमॉसच्या कार्यकर्त्यांना नव्याने लिहावे लागले. मालकाला पुढची संहिता झाकून ठेवता आली. जी एकदा परवान्यानिशी लोकांच्या हाती गेली होती, ती परत घेता आली नाही, आणि तिच्यावर इल्युमॉस आजही चालू आहे.