खांदेमळणी : एका दिवसाची की रोजची?

आपल्याकडे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर येतो. ज्यांच्या घरी अजून बैल आहेत, किंवा एके काळी होते, त्यांना बेंदराच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ वेगळी सांगायला नको. बैल ओढ्यावरून धुऊन आणायचे, दावणीला बांधायचे, आणि घरातल्या कर्त्या माणसाने कोमट पाण्याने त्यांचे खांदे शेकून हळद-लोणी सावकाश चोळायचे. कुणी लोण्याऐवजी तूप घेतो, कुणी तेल. चोळायची जागा मात्र एकच : वशिंडाच्या पुढे, जिथे वर्षभर जू बसते ती. हीच खांदेमळणी. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगतात, झुली चढतात, पुरणपोळी होते आणि वाजतगाजत मिरवणूक निघते.

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या सणावर निबंध लिहायला सांगितला, की पहिल्याच ओळीत 'कृतज्ञता' हा शब्द येतो. पहिल्या वर्षाला असताना मीही तसाच निबंध लिहिला होता. गुणही बरे पडले. आज तो शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. त्याचे कारण सांगतो.

गेल्या हंगामात आमच्या शिवारात ऊसतोड चालू होती. बांधाशी एक टायरगाडी भरून उभी होती. बीडकडचे जोडपे होते. बैल जुपताना पाहिले, तर डावीकडच्या बैलाच्या मानेवर अर्ध्या नारळाएवढी सूज. मालकाने जुवाखाली पोत्याचे तुकडे गुंडाळून घातले होते. त्याला कळत नव्हते असे मुळीच नाही. मी शहाणपणाने म्हणालो, "काका, चार दिवस सोडा की याला." तो म्हणाला, "सोडतो ना भाऊ. मग उचल कोण फेडील?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी हलली. बैलाने मान वाकडी करून पहिला हिसका दिला, तेव्हा मी दुसरीकडे पाहिले, हेही कबूल करतो.

या दुखण्याला पशुवैद्य खांदेसूज म्हणतात. ते होते कशाने? जू खडबडीत असते, किंवा पावसात भिजलेले असते. जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा बुटका असला, तर भार सारखा पडत नाही. गाडी पुढच्या बाजूला जास्त भरली, की सगळे ओझे मानेवर येते. कातडे घासते, आत पाणी धरते. तसेच काम चालू ठेवले तर जखम होते, पू होतो, नाहीतर गाठ कायमची घट्ट होऊन बसते. आता पंचांग काढून पाहा. उसाचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि शिमग्याच्या आसपास संपतो. बेंदूर आषाढात. म्हणजे खांदा दुखतो पौषात आणि लोणी लागते आषाढात! शिवाय ज्या बैलांच्या खांद्यावर आपल्या दोन जिल्ह्यांतला ऊस कारखान्यावर जातो, त्यांतले कितीतरी परजिल्ह्यातले. आपल्या बेंदराला ते इथे नसतातच.

खांदेमळणी म्हणजे नुसता देखावा, असे मात्र मला म्हणायचे नाही. उलट, ती ज्याने पहिल्यांदा केली तो माणूस जनावर ओळखणारा होता. गाई-बैल एकमेकांना चाटतात ते बहुधा मानेला आणि खांद्याला. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2008 साली दुभत्या गाईंवर प्रयोग केले, तेव्हा मानेखाली आणि वशिंडाच्या जागी हात फिरवला की गाई मान लांब करतात, कान सैल सोडतात आणि पुढे माणसाला कमी बुजतात, असे त्यांना दिसले. घोड्यांचेही तसेच. 1993 साली फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयाळ जिथे संपते तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात निघाले. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवले नव्हते, पण त्यांचा हात नेमका तिथेच जायचा. दैव कसे पाहा : जनावर जिथे माया घेते, नेमक्या त्याच जागी माणसाने जू ठेवले.

आजोबांची एक सवय सांगण्यासारखी आहे. ते बेंदराची वाट पाहत नसत. रोज पहाटे जुपण्याआधी आणि संध्याकाळी सोडल्यावर दोन्ही बैलांच्या मानेवरून उलटा तळहात फिरवीत. मी विचारले तर म्हणाले, "डोळ्यानं न्हाई कळायचं रं, हाताला ऊन लागतंय का बघायचं." ऊन म्हणजे गरम. सूज दिसायच्या आधी ती जागा गरम लागते, म्हणून त्यांची मालिश ही अर्धी तपासणी असे. आणि जागा गरम लागली तर ते चोळत नसत. थंड पाण्याची धार धरीत आणि बैल घरी ठेवीत. पशुवैद्यही आज हेच सांगतात : ताज्या सुजेला थंड पाणी, जुन्या सुजेला गरम शेक, जखमेवर रगडणे नाही, आणि पहिले औषध म्हणजे जू उतरवणे. सुजलेला खांदा तुपाने चोळून पुन्हा त्यावरच जू ठेवणे याला माया म्हणता येत नाही.

घोड्याच्या बाबतीत हे आपल्या पूर्वजांनी रोजच्या शिस्तीत बसवले होते. पागेतल्या घोड्याला खरारा सणासुदीला होत नसे. त्यासाठी मोतद्दार नेमलेला असे. घोडा लंगडला तर स्वार पायी, हे साधे गणित त्यामागे होते. पण सगळेच गणित नव्हते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले असे सांगतात. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न वर्गात विचारून बघावा.

हल्ली पुण्या-मुंबईत कुत्र्यांना पैसे देऊन मालिश करून घेतात, यावर गावाकडे पुष्कळ हसतात. हसणाऱ्यांनी शर्यतीच्या बैलाचा गोठा पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून खिलार खोंडाला पुन्हा मोल आले, आणि मोलाबरोबर मालिशही आली. त्याच्या मांड्या रोज चोळल्या जातात, खुराकाची वही असते, पायात काटा मोडला तर घर जागे राहते. शर्यत योग्य की अयोग्य हा वाद इथे नको. एवढेच दिसते, की हाताची विद्या आपण विसरलेलो नाही. ती फक्त किंमत पाहून चालते.

ओझे खरेच हलके करण्याचा विचार करणारेही जवळच आहेत. 2022 साली वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या पुढच्या बाजूला एक फिरते चाक बसवले. जुवावरचा भार त्या चाकावर जातो आणि बैलाची मान मोकळी राहते. नाव ठेवले 'सारथी'. त्यांनी कृतज्ञतेवर निबंध लिहिला नाही, मान कुठे दाबली जाते ते पाहिले. कायदाही आहेच. 1965 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुपता येत नाही. कारखान्याच्या दारात रात्रभर भरल्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याने हे नियम एकदा वाचावेत.

दोष त्या बीडच्या गाडीवानावर टाकणे सोपे आहे. मला ते जमणार नाही. त्याची बायको मोळ्या डोक्यावरून वाहते. तिची मान चोळायला कोण येतो? बैलाचा चार दिवसांचा खाडा त्या दोघांच्या उचलीतून वळता होतो, तोवर नुसता उपदेश करणाऱ्याने गप्प बसावे हे बरे. खाड्याची भरपाई हा कारखान्यांचा आणि सरकारचा प्रश्न आहे, आणि तो तिथेच विचारला पाहिजे.

पण आपल्या हातातले काही आहे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर ऐन थंडीत, म्हणजे हंगामाच्या भरातच असते. सात दिवसांत आपण देऊळ झाडतो, शोषखड्डा खणतो, शेवटच्या दिवशी पाहुण्यांचे भाषण ऐकतो. त्यांतल्या दोन संध्याकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन ऊसतोडीच्या अड्ड्यावर जावे. जूवरून हात फिरवून खिळा, ढलपी पाहावी. ताज्या सुजेला थंड पाणी, जुनीला शेक, जखमेला डॉक्टर. कार्यक्रमाधिकारी सरांनी या वर्षीच्या यादीत एवढे लिहून घ्यावे. घमेली, चुलाण आणि जळण आमच्या वस्तीवरून आणायची जबाबदारी माझी.